गुलाब खाली, पाऊस वर

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तळेगावजवळच्या एका पॉलिहाऊसमध्ये सकाळी जाऊन आलो. व्हॅलेंटाइनचा माल काढायची घाई चालली होती. बायका कातरी घेऊन वाफ्यांमधून झपाझप पुढे सरकत होत्या. कळी घट्ट मिटलेली, बाहेरची एखादी पाकळी जेमतेम सुटायला लागलेली, एवढ्यावरच दांडी कापायची, लगेच पाण्याच्या बादलीत ठेवायची आणि ऊन चढायच्या आत कोल्ड रूमला पोचवायची. तिथं लांबीप्रमाणे ग्रेडिंग, मग वीस-वीस दांड्यांचा बंच. मालकांना सहज विचारलं, यंदा बाजार कसा राहील? ते म्हणाले, "केनियाचा माल किती उतरतो त्यावर आहे सगळं."

मावळातल्या फुलवाल्याच्या तोंडी केनिया हे नाव असं रोजचं आहे. आपल्या बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे केनिया म्हटलं की सिंह, मसाई मारा आणि गवताळ माळ येतात. गुलाब सहसा येत नाही. पण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या गुलाबांपैकी एक तृतीयांशाहून अधिक या एका देशातून जातात, आणि त्यातला मोठा वाटा नैवाशा नावाच्या एका तळ्याच्या काठावर पिकतो. त्या तळ्यावरून गेली वीस-पंचवीस वर्षं एक वाद चालू आहे. ज्या देशाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग कोरडा किंवा निमकोरडा आहे, त्यानं फुलांच्या रूपानं आपलं पाणी परदेशी का पाठवावं? प्रश्न रास्त वाटतो. तरीही तो चुकीच्या जागी विचारला जातोय असं माझं मत आहे, आणि ते का हे सांगायचं तर आधी ती जागा नीट पाहायला हवी.

नैरोबीहून वायव्येला नव्वदेक किलोमीटरवर नैवाशा. वाटेत एक प्रचंड कडा उतरावा लागतो. आफ्रिकेची भूमी जिथं हळूहळू दुभंगते आहे त्या खचदरीचा हा कडा. बोरघाट उतरून कोकणात आल्यासारखं वाटतं. फरक एवढाच की इथं दरीचा तळच समुद्रसपाटीपासून सुमारे 1,890 मीटरवर आहे. म्हणजे तळ्याचा काठ आपल्या कळसूबाईच्या शिखराहून उंच. विषुववृत्त एका अंशाहूनही कमी अंतरावर, त्यामुळे वर्षभर दिवस बारा तासांचा आणि रात्र बारा तासांची. स्वाहिली भाषेत तर घड्याळच सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. जिथं सूर्य बारा महिने जवळपास ठरल्या वेळी उगवतो, तिथंच असं घड्याळ चालू शकतं. भरपूर ऊन, उंचीमुळे थंड रात्री आणि हिवाळाच नाही, हे गुलाबाला हवं तसं जुळून आलं आहे. हॉलंडमध्ये काचघर तापवायला गॅस जाळावा लागतो, इथं ते काम सूर्य करतो.

पाऊस मात्र नाही. तळ्याच्या पूर्वेला अ‍ॅबरडेअर पर्वतरांग आहे, स्थानिक लोक तिला न्यांडारुआ म्हणतात. हिंदी महासागरावरून येणारे ओले वारे त्या रांगेला अडतात आणि तिथंच रिते होतात. आपल्याकडे महाबळेश्वरला धो धो कोसळतो आणि माण-खटावला टँकर लागतात, तोच प्रकार, फक्त दिशा उलटी. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस; दोन्ही मिळून तळ्याच्या काठावर साधारण साडेसहाशे मिलिमीटर पडतो. उलट तळ्यावरून वर्षाला त्याच्या अडीच पटींहून जास्त पाण्याची वाफ होते. म्हणजे स्वतःवर पडणाऱ्या पावसावर हे तळं जगूच शकत नाही. ते जगतं वरच्या डोंगरावर. मलेवा नावाची नदी अ‍ॅबरडेअरच्या उतारावरून येते आणि तळ्यात येणाऱ्या नदीच्या पाण्यापैकी बहुतांश पाणी ती एकटी आणते. आणखी एक नवल: तळ्यातून बाहेर जाणारी एकही नदी नाही, तरी पाणी गोडं. शेजारचं नाकुरू खारं, एल्मेंटेटा खारं, मगादी तर सोड्याचं. नैवाशाचं पाणी जमिनीखालून झिरपत पुढं जातं आणि क्षार सोबत घेऊन जातं, म्हणून ते गोडं राहिलं आहे.

या गोड्या पाण्याभोवतीचा सगळा इतिहास ते कोणाच्या हातात राहील याचाच आहे. नैवाशा हे नाव मसाई भाषेतलं, अर्थ खवळणारं पाणी. 1904 च्या करारानं ब्रिटिशांनी मसाईंना इथल्या कुरणांवरून उठवलं आणि जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांना दिल्या. पुढं तळ्याचा काठ खासगी मालकीत गेला. 1970 च्या सुमारास फुलशेती सुरू झाली आणि 1990 नंतर तिनं काठ व्यापला. आज केनियात या धंद्यावर थेट एक लाखाहून अधिक लोकांची रोजी आहे, त्यात बायका मोठ्या संख्येनं. चांगल्या वर्षी फुलांतून शंभर अब्ज केनियन शिलिंगांहून जास्त परकीय चलन येतं. चहा आणि फुलं, या दोन पिकांवर देशाची शेती-निर्यात उभी आहे म्हटलं तरी चालेल.

आता आरोपाकडे येऊ. हॉलंडमधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये हिशेब मांडला: नैवाशाच्या खोऱ्यात एका गुलाबाच्या दांडीमागे 7 ते 13 लिटर पाणी लागतं, आणि 1996 ते 2005 या काळात फुलांच्या रूपानं वर्षाला सरासरी 1.6 कोटी घनमीटर पाणी खोऱ्याबाहेर गेलं. हा आकडा हातात घेऊन युरोपातल्या काही मंडळींनी केनियाचा गुलाब विकत घेऊ नका अशी हाक दिली. एकीकडे उत्तर केनियात 2020 च्या अखेरीपासून 2022 पर्यंत सलग पाच पावसाळे हुकले, लाखो जनावरं मेली, मार्साबित आणि तुर्कानातल्या माळांवर सांगाड्यांचा खच पडला. आणि त्याच दिवसांत नैरोबीच्या विमानतळावरून दररोज फुलांची विमानं उडत होती. ही दोन चित्रं शेजारी ठेवली की कोणाच्याही पोटात कालवतं. माझ्याही कालवलं.

पण नैवाशाचा एक थेंबही मार्साबितला जात नाही, जाऊ शकत नाही. पाणी देशाच्या नकाशाप्रमाणे वाहत नाही, खोऱ्याप्रमाणे वाहतं. उद्या सगळी फुलशेती बंद केली तर वाळवंटातल्या उंटवाल्याला काही मिळणार नाही. फुलांवर चालणाऱ्या त्या लाखभर चुली मात्र विझतील. 2020 च्या मार्चमध्ये करोनानं युरोपचा बाजार मिटला तेव्हा त्याची झलक दिसलीच. टनावारी फुलं उकिरड्यावर गेली आणि हजारो मजूर बिनपगारी घरी बसले. 'केनिया कोरडा देश आहे' हे वाक्य खरं आहे, पण नैवाशाच्या गुलाबाचा निवाडा त्या वाक्यावर करता येत नाही. तो नैवाशाच्या खोऱ्यातच करावा लागतो.

तिथंही गुलाब निर्दोष सुटत नाही. तळ्यावरून नुसती वाफ होऊन जाणारं पाणी वर्षाला वीस कोटी घनमीटरांच्या वर आहे, त्यापुढं दीड-पावणेदोन कोटी म्हणजे किरकोळ, असं फुलवाल्यांच्या बाजूनं सांगितलं जातं. हा युक्तिवाद मला पटत नाही. वाफ ही तळ्याच्या जुन्या जमाखर्चातली जुनी बाब आहे. उपसा हा नवा खर्च. आणि उपसा एकट्या फुलांचा नाही. भाजीपाला आहे, जनावरांच्या चाऱ्याची शेती आहे, ओल्कारियाच्या भू-औष्णिक वीजप्रकल्पाच्या विहिरी खोदायला लागणारं पाणी आहे, वरती तुराशा नदीवरून नाकुरू आणि गिलगिल या शहरांना नळानं नेलेलं पाणी आहे. हे सगळं धरून अभ्यासकांनी काढलं की 1990 च्या दशकाच्या अखेरीस तळं उपसा नसता तर जिथं असतं त्यापेक्षा तीनेक मीटर खाली होतं. उथळ तळ्याला तीन मीटर म्हणजे फार झालं. काठचं पपायरसचं लव्हाळं पाण्यापासून तुटतं, त्यात अंडी घालणारे मासे हटतात, पाणघोडे चरायला थेट शेतांत येतात.

त्यानंतर उलटंच घडलं. 2009 मध्ये तळाला गेलेलं पाणी 2010 पासून चढू लागलं आणि 2020 मध्ये इतकं फुगलं की काठावरच्या किहोटो वस्तीतली घरं बुडाली, लोक होड्यांतून सामान काढत होते. आदल्या वर्षाच्या छोट्या पावसानं पूर्व आफ्रिकेत कहर केला होता. हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा तापला आणि पूर्व भाग थंड राहिला की असं होतं. ते वर्ष नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार विसरले नसतील. ऑक्टोबर उलटला तरी पाऊस हटेना, अरबी समुद्रात पाठोपाठ 'क्यार' आणि 'महा' ही वादळं उठली आणि ऐन फुलोऱ्यातल्या बागा कुजल्या. ज्या तापलेल्या समुद्रानं तिकडं किहोटोत पाणी घुसवलं, तोच समुद्र इकडं आपल्या बागांवर उलटला होता. मधला समुद्र एक आहे हे आपण फार क्वचित लक्षात घेतो.

तर तळं भरलं, आता वाद संपला, असं म्हणणारा एक वर्ग केनियात तयार झाला. हे सर्वांत धोक्याचं आहे. नैवाशाची पातळी कायमच वरखाली होत आली आहे. 1940 ते 50 च्या दशकांत एकही पॉलिहाऊस नसताना ती खूप खाली गेली होती आणि 1961 च्या महापावसानंतर पुन्हा चढली. पातळी म्हणजे प्रकृती नव्हे. भरलेल्या तळ्यातही खतांचा स्फुरद आणि वरून आलेला गाळ वाढतो, जलपर्णी माजते, मासे मरतात. आणि चढलेलं पाणी उद्या उतरणारच आहे. तेव्हा पुन्हा तीच ओरड सुरू होईल. उपसा पातळीप्रमाणे कमी-जास्त करायचा आराखडा खोऱ्यातल्या लोकांनी आणि जलप्राधिकरणानं मिळून पूर्वीच केलेला आहे. तो पाणी भरपूर असतानाच अंगवळणी पाडायला हवा. दुष्काळात नियम लावायला गेलं की भांडणंच होतात, हे आपल्याला उजनी-जायकवाडीच्या अनुभवावरून कोणी शिकवायला नको.

माझा मुद्दा मात्र तळ्याच्या वरच्या बाजूला आहे. सगळी चर्चा काठावरच्या पॉलिहाऊसभोवती फिरते आणि जिथून पाणी येतं त्या डोंगरउताराकडे कोणी बघत नाही. अ‍ॅबरडेअरच्या पायथ्याशी किनांगोपचं पठार आहे. पूर्वी इथं गोऱ्यांचे मळे होते. स्वातंत्र्यानंतर 1960 च्या दशकात जमिनीचे तुकडे करून ते केनियन कुटुंबांना वसवण्यात आले, आणि पुढच्या पिढ्यांमध्ये त्या तुकड्यांचेही तुकडे झाले. आज तिथं बटाटा, कोबी, एखाद-दुसरी दुभती गाय. उतारावर बटाटा लावायचा म्हणजे माती मोकळी करावी लागते. बटाटा काढताना ती पुन्हा उकरली जाते. आणि मोठा पाऊस ऐन त्याच वेळी आला की माती सरळ मलेवात. पाऊस झाला की नदी चहासारखी वाहते. तळ्यात येणाऱ्या खतांच्या अंशांत या छोट्या शेतांचाही मोठा वाटा असल्याचं त्याच ट्वेंटेच्या अभ्यासात म्हटलं आहे. पण यात त्या शेतकऱ्याचा दोष काय? एक-दोन एकर, पोरांच्या शाळेची फी, आणि बांधबंदिस्ती करायला ना पैसा ना उसंत. बांध घातला तर त्याच्या शेतातलं पीक काही लगेच वाढणार नाही. फायदा होणार तो खाली, गुलाबाला.

म्हणून खालच्यानं वरच्याला पैसे द्यावेत. एवढा साधा हा विचार आहे आणि नैवाशात तो छोट्या प्रमाणावर करूनही पाहिला आहे. फुलवाल्यांसह खालच्या पाणीवापरकर्त्यांच्या संघटनेनं वरच्या काही शेतकऱ्यांना दरवर्षी कूपन दिली. अट अशी की उताराला आडव्या गवताच्या पट्ट्या लावायच्या, झाडं लावायची, ओढ्याच्या काठापर्यंत नांगर न्यायचा नाही. कूपनवर बियाणं, खत, अवजारं घ्यायची. रक्कम फारच थोडी होती. तरी शेतकरी आले, कारण पट्टीतलं गवत गाईला चारा म्हणून कामी येतं. ही कल्पना त्या मातीला परकीही नाही. याच अ‍ॅबरडेअरच्या पलीकडच्या उतारावर, न्येरी भागात जन्मलेल्या वांगारी माथाई यांनी 1977 मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली तेव्हा गावोगावच्या बायकांना जगलेल्या रोपामागे थोडे पैसे देण्याची रीत घातली होती. लावलेल्या रोपाला पैसे नाहीत, जगलेल्या रोपाला. 2004 चं नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळालं, पण त्या रोपामागच्या पैशांचं शहाणपण देशाच्या धोरणात अजून पुरतं उतरलेलं नाही. 2018 मध्ये सरकारनं सरकारी जंगलातल्या तोडीवर बंदी घातली आणि 2023 च्या जुलैत पुढच्या सरकारनं ती उठवल्याचं जाहीर केलं. एकीकडे 2032 पर्यंत 15 अब्ज झाडं लावण्याची घोषणाही त्याच सरकारची. नैरोबी शहराचं बहुतेक पिण्याचं पाणीसुद्धा याच रांगेतून येतं, हे ध्यानात घेतलं की ही धरसोड किती महागात पडेल ते कळतं.

आता पैशांचा हिशेब बघा. एका दांडीला सरासरी 10 लिटर धरू. शंभर दांड्यांना एक घनमीटर. युरोपातल्या गिऱ्हाइकानं एका दांडीमागे फक्त एक सेंट जास्त दिला, तर घनमीटरमागे एक युरो होतो. सरकार फुलवाल्यांकडून पाण्याचा जो दर घेत आलं आहे, तो वर्षानुवर्षं घनमीटरला एका शिलिंगाच्या आत होता. एक युरो म्हणजे त्याच्या शंभर पटींहून जास्त. 1.6 कोटी घनमीटर धरले तर वर्षाला दीड कोटी युरोंच्या वर रक्कम होते. त्यातून किनांगोपच्या उतारावर किती बांध पडतील, किती ओढ्यांना हिरवे काठ मिळतील! आणि व्हॅलेंटाइनच्या दिवशी बारा गुलाबांचा गुच्छ घेणाऱ्याला बारा सेंट जड होतील असं मला वाटत नाही.

यावर फुलवाल्यांचा आक्षेप ठरलेला आहे: आमच्यावर बोजा टाकला तर धंदा इथिओपियाला जाईल. आक्षेप पोकळ नाही. इथिओपियानं गेल्या वीस वर्षांत करसवलती देऊन फुलशेती ओढून घेतलीच आहे. म्हणून हा सेंट शेतावर बसवायचा नाही, दुकानात बसवायचा, तिथं जिथं केनियाचं, इथिओपियाचं आणि इतर कुठलंही फूल एकाच काउंटरवर येतं. ही सूचनाही त्या 2012 च्या अभ्यासात आहे. युरोपीय संघ आणि केनिया यांच्यातला व्यापार करार 1 जुलै 2024 पासून लागू झाला, केनियाची फुलं तिथं शुल्काविना जातात. ज्या टेबलावर शुल्क माफ होतं, त्याच टेबलावर पाण्याचा हा सेंट ठरवता आला असता. अजूनही ठरवता येईल.

शिवाय काठाचाही प्रश्न आहे. फुलांच्या शेतांवर राबणारे मजूर करागिता आणि तशाच दाट वस्त्यांमध्ये राहतात. तळं डोळ्यांसमोर, आणि पिण्याचं पाणी जेरीकॅननं विकत. विहीर खणावी तर खचदरीच्या भूजलात फ्लोराईड जास्त. लहानपणापासून ते पाणी पिणाऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेत कलम 43 नुसार स्वच्छ आणि पुरेसं पाणी हा प्रत्येकाचा हक्क आहे. गुराख्यांना जनावरं पाण्यावर नेण्यासाठी पूर्वी ज्या वाटा होत्या, त्यांतल्या कित्येक कुंपणांनी गिळल्या. काठावर शेत चालवायचा परवाना देताना तळ्यापर्यंत जाणारी वाट खुली ठेवणं आणि मजुरांच्या वस्तीला शुद्ध पाणी देणं, या दोन अटी घातल्या तर गुलाबाचा भाव काही ढासळणार नाही.

आपण या वादात कुठल्या बाजूनं बोलायचं? मला वाटतं, थोडं जपून. एक किलो साखरेमागे आपल्याकडे दोन हजार लिटरच्या आसपास पाणी जातं. नैवाशाच्या हिशेबानं तेवढ्या पाण्यात दोनशे गुलाब फुलतात आणि त्यांची घाऊक किंमतसुद्धा किलोभर साखरेच्या कितीतरी पट असते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल आणि सिंचन आयोगानं 1999 मध्येच कमी पावसाच्या भागात ऊस नको असं बजावलं होतं. त्यानंतर सतरा वर्षांनी, 2016 च्या एप्रिलमध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. नैवाशात निदान मलेवाचा वरचा शेतकरी आणि खालचा पाणीवाला एका यादीत आले, कूपन का होईना हातात पडलं. कृष्णा-भीमेच्या उगमाकडच्या डोंगरी गावांना, जिथला पाऊस खालच्या उसाला पुरतो, तिथल्या माणसाला खालच्या साखरेतून आजवर काय मिळालं?

तळेगावच्या त्या पॉलिहाऊसमधून निघताना मालकांनी एक फुटलेला बंच हातात दिला. दांड्या आखूड होत्या, निर्यातीत बसत नव्हत्या. केनियाचा शेतकरी त्यांचा स्पर्धक, मग त्याच्या पाण्याचं मी एवढं का मनावर घेतो असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याचं पाणी फुकट असेल तर तुमच्या गुलाबाला भाव कधीच मिळणार नाही. दांडीमागचा सेंट दुकानात बसला तर तो तुमच्याही दांडीवर बसेल, आणि मग पवना-इंद्रायणीच्या वरच्या गावांसाठी तुम्हीही तो मागू शकाल. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, किनांगोपच्या उतारावर लावतात ते गवत कोणतं? नेपिअर, मी म्हटलं. "म्हणजे आपला हत्ती घासच की," ते म्हणाले, "तो तर आमच्या बांधावर आहे."